‘चुंबक चिकटतोय ना, ताई?’ डाय ठेवायच्या शीट्समध्ये आम्ही सहाजणी कशा फसलो

हे लिहायला मला चार महिने लागले. पैसे एकटीचे गेले असते तर कदाचित गप्पच बसले असते. पण माझ्या शब्दावर आणखी पाचजणींनी पैसे भरले होते. त्यांना विचारून, त्यांची नावं न देता लिहिते आहे. तेच सामान घेऊन तो माणूस आज दुसऱ्या एखाद्या गावात टेबल मांडून बसला असेल, याची मला राहून राहून काळजी वाटते.

मी इंदिरानगरला राहते. ग्रीटिंग कार्डं, आहेराची पाकिटं, बारशाची आमंत्रणं हातानं करून देते आणि शनिवारी घरीच वर्ग घेते. नाशिकमध्ये ‘स्टॅम्प’ म्हटलं की लोक नाशिकरोडच्या, टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसबद्दल बोलायला लागतात, म्हणून आधी सांगते: हे स्टॅम्प म्हणजे शाई लावून कागदावर उमटवायचे ठसे. लाल रबराचे असतात आणि फोटोपॉलिमर नावाच्या मऊ प्लास्टिकचे पारदर्शकही असतात. पारदर्शक ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला आपोआप चिकटतो. डाय म्हणजे पातळ पोलादी साचा. तो कार्डस्टॉकवर, म्हणजे जाड कागदावर, ठेवून मशीनच्या रोलरखालून काढला की कागद त्याच आकारात कापला जातो. नऊ वर्षांत माझ्याकडे सव्वाशेच्या वर डाय आणि ऐंशीएक स्टॅम्प सेट साठलेत. तुळशीच्या पानाएवढी डाय एकदा मिठाईच्या डब्यात हरवली की ऑर्डरच्या दिवशी काही केल्या सापडत नाही. म्हणून डाय चुंबकी शीटवर लावायच्या, ती शीट पाकिटात घालायची आणि पाकिटं डब्यात फायलींसारखी उभी ठेवायची, ही पद्धत मला कधीपासून करायची होती.

संक्रांतीच्या आधी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. तिथे पुण्याहून आल्याचं सांगणारा एक विक्रेता बसला होता. त्यानं एक शीट उचलली. तिच्यावर वीसेक डाय होत्या. शीट उलटी धरून गदागदा हलवली, पण एकही डाय हलली नाही. पाकीट हातात दिलं तेही छान कुरकुरीत होतं. ‘पॉलिप्रॉपिलीन आहे ताई, पीव्हीसी नाही. पीव्हीसीनं ठसे खराब होतात,’ हे मी विचारायच्या आधी तोच म्हणाला. तिथेच माझा विश्वास बसला. ज्याला हे माहीत आहे तो आपल्याला वाईट माल कशाला देईल, असं मला वाटलं.

तीस शीट्स, साठ पाकिटं आणि दोन डबे असा सेट 4,200 रुपयांना होता. सहा सेट घेतले तर 3,400 ला देतो म्हणाला. मी तिथूनच वर्गातल्या बायकांना फोन लावले. ‘मी स्वतः हातात घेऊन बघितलंय गं,’ हेच मी प्रत्येकीला सांगितलं. एकूण 20,400 रुपये झाले. निम्मे तिथेच यूपीआयनं दिले, निम्मे माल पाठवायच्या आधी. पैसे जमा झाले ते दुकानाच्या नावावर नाहीत, कुणा माणसाच्या नावावर. स्क्रीनवर ते नाव मी वाचलं आणि पुढे गेले.

माल फेब्रुवारीच्या शेवटी आला. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत मी खोकी उघडून फक्त मोजून घेतली आणि वाटून टाकली. बारा दिवसांनी पहिला डबा भरला. डाय शीटवर नीट मांडल्या, शीट पाकिटात घातली आणि पाकीट उभं केलं. सगळ्या डाय खळ्ळकन खाली, पाकिटाच्या तळाशी. दुसऱ्या शीटचंही तेच झालं.

लगेच फोन केला. त्याचा आवाज अगदी शांत होता. ‘घरात चुंबक आहे ना ताई? शीटला लावून बघा.’ मी फ्रिजवरचा काढून लावला. ‘चिकटतोय ना?’ चिकटत होता. ‘मग? शीट चांगलीच आहे. तुमच्या डाय हलक्या पोलादाच्या असतील.’ आणि मी गप्प बसले! पुढचे दोन महिने मी माझ्याच डायना दोष देत होते. त्या डाय चांगल्या आहेत, त्याच्या प्रदर्शनातल्या शीटवर मी स्वतः माझी एक डाय लावून पाहिली होती, हेसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही.

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळी फसवणूक याच एका वाक्यात आहे. बाजारात दिसायला सारख्या दोन प्रकारच्या शीट्स मिळतात. एक खरी चुंबकी शीट. तिच्यात फेराइटची पूड असते आणि ती चुंबकित केलेली असते, त्यामुळे ती पोलादाला स्वतः धरून ठेवते. दुसरीत नुसती लोखंडाची पूड असते. तिला चुंबक चिकटतो, पण ती स्वतः कशालाच धरत नाही. फ्रिजच्या दाराला चुंबक चिकटतो, म्हणून दार काही चुंबक होत नाही; त्याच दाराला टाचणी लावून बघा, खाली पडेल. त्यानं मला फोनवर चुंबक लावायला सांगितला तो मुद्दाम. माझ्या हातातला चुंबकच शीटला धरून होता, शीट काहीच करत नव्हती. म्हणून तपासायचं असेल तर चुंबक बाजूला ठेवा. आपली रोजची सगळ्यात जड डाय शीटवर लावा, शीट उभी धरा, मग उलटी करून हलवा.

शीट्सचं दुःख तरी भरून निघालं असतं. पाकिटांनी केलेलं नुकसान भरून निघत नाही.

आमच्यातल्या एक बाई पंचवटीत राहतात. निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणतो. त्यांच्या लेकीनं बाहेरून पाठवलेले फोटोपॉलिमरचे फुलापानांचे ठसे त्यांनी फार जपले होते. विक्रेत्यानं सांगितलं होतं की ठशांखालची मूळची प्लास्टिक शीट काढून टाका, ठसे थेट पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, जागा वाचते. बाईंनी मार्चमध्ये सगळा संग्रह तसा लावला. मग नाशिकचा एप्रिल-मे. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर त्यांचा फोन आला, ‘जरा येऊन जातेस का?’

पाकीट उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला. मी जुईच्या फुलाचा ठसा नखानं हळूच सोडवला. फूल हातात आलं, दांडी पाकिटालाच राहिली. बाकीचे ठसे बोटाला चिकटत होते, कडा फुगून गोल झाल्या होत्या. शाई लावून उमटवले तर बारीक रेघांच्या जागी नुसता डाग. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. ‘चहा घेतेस ना?’ एवढंच विचारलं. परत येताना रिक्षात मला रडू आवरेना.

माझी नणंद रसायनशास्त्र शिकवते. ती पाकिटाचा तुकडा घेऊन गेली. तांब्याची तार ज्योतीत लाल केली, तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. ‘वहिनी, यात क्लोरीन आहे. हे मऊ पीव्हीसी आहे,’ ती म्हणाली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं मिसळतात ती हळूहळू बाहेर झिरपतात. फोटोपॉलिमर ती शोषून घेतं, मग ठसा चिकट होतो आणि फुगतो. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. ही ज्योतीची परीक्षा घरी करू नका, धूर विषारी असतो. घरी करायची सोपी परीक्षा शेवटी सांगते.

भांड्यांच्या सौम्य साबणानं, कोमट पाण्यात आम्ही ठसे धुऊन पाहिले. जे थोडेच दिवस पाकिटात होते ते बरेचसे वाचले. बाईंचे बहुतेक गेले. माझ्या डाय पाकिटांच्या तळाशी एकावर एक पडून राहिल्या होत्या, त्यातल्या अकरा पहिल्याच पावसात गंजल्या.

मग मी बिल काढून नीट वाचलं. ‘स्टेशनरी साहित्य, 6 नग’ एवढंच लिहिलं होतं. शीटची जाडी नाही, पाकिटाचं प्लास्टिक कुठलं ते नाही. जीएसटी क्रमांकात 15 अक्षरं असतात आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 नं सुरू होतो. बिलावरच्या क्रमांकात 14 च अक्षरं होती. खरा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. हे काम पैसे देण्याआधी दोन मिनिटांत झालं असतं. कार्डावरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं, ते परत आलं. त्याचा फोन आता लागत नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर मी तक्रार नोंदवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा. मी बारा दिवसांनी डबा उघडला आणि त्यानंतर दोन महिने गप्प बसले, तेच नडलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण समोरच्याचा खरा पत्ताच हातात नसेल तर नोटीस बजावणार कुणाला? म्हणून विक्रेत्याचा पत्ता, बिलावर मालाचं पूर्ण वर्णन आणि दाखवलेल्या नमुन्याचा एक तुकडा, या तीन गोष्टी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नमुना कापून द्यायला तो का-कू करत असेल तर टेबलावरून सरळ उठा.

पाचजणींचे पैसे मी परत करते आहे. तिघींचे झाले. बाई घ्यायला तयार नाहीत, त्यांच्याशी माझा अजून वाद चालू आहे.

मागच्या शनिवारी नवी पाकिटं आली, या वेळी एका ओळखीच्या दुकानातून आणि फक्त दहा. सगळ्यांसमोर खोकं उघडलं. बाईंनी एका पाकिटाचा कोपरा कापला, पेल्यातल्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि तुकडा बोटानं तळाशी दाबून सोडला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असतं, पीव्हीसी जड. शेजारच्या पेल्यात जुन्या पाकिटाचा तुकडा तळाशी बसला होता. नवा तुकडा वर आला. बाईंनी तो पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. मग त्यांनी पिशवीतून त्यांचा उरलेला एक ठसा, केवड्याचं पान, काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आधी महिनाभर एवढाच ठेवून बघू.’