बचत गटाचे कर्ज : एकहाती घर चालवणाऱ्या बाईच्या हिशोबाने

हा अभिप्राय आमच्या गावातील महिला बचत गटाच्या अंतर्गत कर्जाविषयी आहे. गाव लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले आहे आणि गट 'उमेद', म्हणजेच महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला आहे. पतीच्या मूत्रपिंडाच्या आजारात झालेले देणे त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले. घरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत, कमावणारी मी एकटी आहे आणि कमाई शिवणयंत्रावरची आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते धंदा वाढवण्यासाठी कर्ज घेणाऱ्या भगिनींपेक्षा जुने कर्ज फेडता फेडता घर चालवणाऱ्या भगिनींच्या अधिक उपयोगी पडेल.

माझ्याकडे तीन प्रकारचे देणे होते. राष्ट्रीयीकृत बँकेत आईने दिलेली बोरमाळ तारण होती, एका मायक्रोफायनान्स कंपनीचे कर्ज होते आणि गावातल्याच एका व्यक्तीकडून शेकडा पाच रुपये महिना या दराने घेतलेले २०,००० रुपये होते. या शेवटच्या कर्जाचे महिन्याला १,००० रुपये नुसते व्याज जात होते आणि मुद्दल जागचे हलत नव्हते. वर्षभर असेच भरत राहिले तर १२,००० रुपये जातात आणि देणे २०,०००चे २०,०००च राहते. गटाकडून मी जे कर्ज घेतले ते हे एकच देणे मिटवण्यासाठी घेतले.

गटात आम्ही बारा जणी आहोत, दर आठवड्याला प्रत्येकी ५० रुपये बचत जमा होते आणि जमलेल्या रकमेतून गरजेप्रमाणे कर्ज दिले जाते. दर महिना दोन टक्के व्याज शिल्लक मुद्दलावर लागते. मला मिळालेले कर्ज २०,००० रुपयांचे होते आणि महिन्याला २,००० रुपये मुद्दल असे दहा हप्ते ठरले. पहिल्या महिन्याचे व्याज ४०० रुपये, दुसऱ्याचे ३६०, असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्याचे ४० रुपये, म्हणजे एकूण व्याज २,२०० रुपये होते. हेच दोन टक्के कोणी मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावले असते, तर व्याज ४,००० रुपये झाले असते आणि प्रत्यक्षातला वार्षिक दर एकेचाळीस टक्क्यांच्या वर गेला असता. म्हणून कोणी नुसते 'दोन टक्के' म्हटले की ते मुद्दलाच्या शिल्लकीवर आहेत की मूळ रकमेवर, हे आधी विचारावे. आमच्या गटात हे पहिल्याच बैठकीत वहीवर मांडून दाखवण्यात आले, त्याचे मला समाधान वाटले.

वर्षाला चोवीस टक्के हा दर काही स्वस्त म्हणता येणार नाही. फरक इतकाच की हे व्याज गटाच्याच गल्ल्यात राहते आणि त्यात बाराव्या हिश्श्याची मालकी माझीही आहे. तरीही स्वस्त म्हणून गटाकडे जाणाऱ्यांनी आधी आपले बाकीचे दर तपासावेत. माझी बोरमाळ ज्या बँकेत आहे तिचा दर गटाच्या निम्म्याहून कमी आहे. वहिनी वारंवार म्हणत असत, "ताई, आधी बोरमाळ सोडवा, आईची वस्तू आहे, मुलीच्या लग्नाला लागेल." वहिनींचा जीव तुटतो हे खरे असले, तरी गटाचे चोवीस टक्क्यांचे कर्ज काढून बँकेचे त्याहून स्वस्त कर्ज फेडणे म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खोदणे झाले असते. सोनेतारणाचे कर्ज एकरकमी परतफेडीचे असेल तर त्याची मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, मुदतीआधी व्याज भरले आणि कर्जाचे नूतनीकरण करून घेतले की बोरमाळ बँकेत सुरक्षित राहते. घरातल्या बायकांचे मन सोन्यापाशी आधी जाते, परंतु फेडीचा क्रम व्याजाच्या दराने ठरवावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी या सेवेला चांगले गुण देत आहे, ती सांगते. माझी मिळकत वर्षभर सारखी नसते. जून महिन्यात शाळेच्या गणवेशांचे काम येते, लग्नसराईत ब्लाउज आणि फॉल-पिकोला उसंत नसते, परंतु पितृपंधरवड्यात यंत्र जवळजवळ बंद असते. गावातली निम्मी गिऱ्हाईके सोयाबीन विकल्यावरच शिलाई देतात, म्हणजे भाद्रपदात शिवलेल्या कपड्यांचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात. पगारदार कुटुंबासाठी आखलेला ठरावीक हप्ता अशा घराला झेपत नाही आणि दुसरे कमावते माणूस नसल्याने एका महिन्याची तूट भरून काढायला घरात कोणीच नसते.

गटाने ही अडचण समजून घेतली. बैठकीत मी ती मांडली तेव्हा अध्यक्षताईंनी इतरांना विचारून सांगितले, "बाई, दोन महिने मुद्दल राहू द्या, व्याज तेवढे भरा, दिवाळीला सोयाबीन आलं की बघू." हा निर्णय इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला, त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले आणि माझ्या पासबुकात तशी नोंद झाली. त्यासाठी वेगळा दंड लागला नाही. उलट, हाती जास्त पैसे आले तेव्हा ते आधी भरण्याचीही मुभा मिळाली. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, पण माझ्या अनुभवात ते दरमहा न येता काही महिन्यांचे एकदम खात्यावर पडतात. अशा पैशांवर महिन्याचा किराणा बेतता येत नाही, म्हणून मी ते मासिक अंदाजपत्रकात धरतच नाही. एकदा तीन महिन्यांचे दोन्ही मुलांचे १३,५०० रुपये एकदम आले, त्यातले मुलांच्या वह्या-पुस्तकांचे आणि शाळेचे बाजूला काढून ६,००० रुपये मी गटात मुद्दलापोटी भरले. सचिवताईंनी तिथल्या तिथे कर्ज खतावणीत, म्हणजे प्रत्येकीच्या कर्जाच्या वहीत, शिल्लक खाली आणली आणि पुढच्या महिन्यापासून व्याज १२० रुपयांनी कमी झाले. १२० रुपये म्हणजे माझ्याकडच्या दोन साड्यांच्या फॉल-पिकोची मजुरी आहे.

याच्या शेजारी मायक्रोफायनान्स कंपनीचा अनुभव ठेवल्याशिवाय तुलना पूर्ण होणार नाही. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिले जाते. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही आणि थकबाकीचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो. माझ्या अर्जात उत्पन्नाचा आकडा मी सांगितला त्याहून मोठा भरलेला होता, हे मला कर्जाचे कार्ड हातात आल्यावर दिसले. निम्म्याच्या मर्यादेत हप्ता बसवण्यासाठीच तो वाढवला असावा, असे माझे मत आहे. वसुलीच्या दिवशी एखादीचा हप्ता राहिला की बाकीच्या बायकांना उठू दिले जात नसे आणि दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवले जाई. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी संपर्क करता येत नाही, असा नियम आहे. तो मी कंपनीच्या वसुली प्रतिनिधीला ऐकवला, तेव्हा "मॅडम, तुम्ही लई शिकल्या" एवढेच उत्तर मिळाले, परंतु पुढच्या वेळी बैठक पाचला आटोपली. कर्ज मुदतीआधी बंद करायला गेले तेव्हा दंड कोणी मागितला नाही, पण "आत्ता बंद केलं तर पुढचं मोठं लोन मिळणार नाही" असे गोडीगुलाबीने सांगण्यात आले. ज्यांना हीच अडचण आहे त्यांनी कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्यावे आणि पतविषयक अहवालात ते खाते बंद दिसते का हे पाहावे. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि त्यासाठी कोणा दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

गटाच्या त्रुटीही तितक्याच ठळक आहेत. पहिली त्रुटी म्हणजे झाकली मूठ राहत नाही. कर्ज कशासाठी हवे हे बारा जणींपुढे सांगावे लागते आणि गावात बारा जणींना कळले म्हणजे गावाला कळले. सावकाराचे देणे आहे हे मला सगळ्यांसमोर सांगावे लागले आणि त्यावर दोन-चार दिवस पारावर चर्चाही झाली. दुसरी त्रुटी वेळेची. बैठक दर आठवड्याला असते, गैरहजेरीचा दंड १० रुपये आहे आणि दंडापेक्षा दोन-अडीच तासांचे काम बुडते ते जास्त लागते. सासू किंवा जाऊ घरात असलेल्या बाईला हा वेळ काढता येतो. ज्या घरात लहान मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही, तिथे मूल मांडीवर घेऊनच बैठकीला बसावे लागते. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी त्रुटी अशी की गटातल्या सगळ्यांची गरज एकाच वेळी येते. जून उजाडला की पेरणीचे बियाणे-खत आणि शाळेचा खर्च दोन्ही एकदम उभे राहतात, बाराच्या बारा जणी हात पुढे करतात आणि गल्ल्यात तेवढे पैसे नसतात. मला कर्ज मिळाले ते हिवाळ्यात मागितले म्हणून. जूनमध्ये मागितले असते तर माझा क्रमांक कितवा लागला असता सांगता येत नाही.

हिशोबाची सगळी भिस्त सचिवताईंच्या हातावर आहे, हेही खटकते. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी, वैयक्तिक पासबुक सगळे त्याच लिहितात. त्या मन लावून लिहितात म्हणून आमचे ठीक चालले आहे. शेजारच्या वस्तीवरच्या एका गटात वह्याच कित्येक दिवस लिहिल्या गेल्या नव्हत्या आणि तिथे आता कोणाचे किती देणे आहे यावरून भांडण आहे. गटात नाव घालण्याआधी मागच्या दोन-तीन बैठकांची नोंद मागून पाहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सावकाराचे देणे मिटवताना गटाचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. पैसे परत करायला सचिवताई आणि समूह संसाधन व्यक्ती म्हणून, म्हणजे अभियानाच्या वतीने गावातल्या गटांना मदत करण्याचे, काम करणाऱ्या ताई माझ्यासोबत आल्या. मी सही केलेला कोरा बाँड त्या माणसाकडे होता आणि तो आधी "सापडत नाही" म्हणत होता. ताईंनी शांतपणे विचारले, "काका, परवाना कुठल्या नावाने आहे?" त्यानंतर बाँड पेटीतून लगेच निघाला. महाराष्ट्रातील २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. माझ्याकडून साठ टक्के घेतले जात होते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. मी तक्रार केली नाही, कारण मुलांना घेऊन त्याच गल्लीत राहायचे आहे. बाँड तेवढा सगळ्यांसमोर फाडून घेतला.

आता गटाने बँकेकडे कर्ज मागितले आहे. किमान सहा महिने नियमित चाललेल्या गटाला राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली असे कर्ज मिळते, दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि तीन लाखांपर्यंतच्या कर्जाचा दर सात टक्के आहे. जास्त व्याजाची जुनी देणी फेडणे हाही या कर्जाचा मान्य उपयोग आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसते. आमच्या शाखेत गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवण्याची भाषा झाली होती. तसे करू नये अशी बँकांना स्पष्ट सूचना आहे हे अभियानाचे प्रभाग पातळीवर काम पाहणाऱ्या ताईंनी दाखवून दिल्यावर तो मुद्दा मागे पडला. हे कर्ज आले तर माझे गटातले उरलेले मुद्दल चोवीसऐवजी त्याहून कमी दरावर जाऊ शकेल, पण किती कमी ते आत्ता सांगता येत नाही, कारण सदस्यांना किती दराने द्यायचे हे गटच ठरवणार आहे आणि त्यावर अजून बैठकीत एकमत झालेले नाही.

पाचपैकी साडेतीन गुण मी देते. शेकडा तीन-पाच रुपयांचे देणे अंगावर आहे, रक्कम २०-३० हजारांच्या आत आहे आणि मिळकत हंगामी आहे, अशा एकट्या बाईने गटाचे कर्ज जरूर घ्यावे. ज्यांचे देणे लाखाच्या पुढे आहे, ज्यांना आपली परिस्थिती चारचौघींत सांगवत नाही किंवा ज्यांना दर आठवड्याला गावात हजर राहणे जमणार नाही, त्यांना या कर्जाचा फारसा उपयोग होणार नाही.