गाऱ्हाणं कोणापुढे घालायचं?

चतुर्थीसाठी भाचा मुंबईहून आला. त्याचे वडील जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा नारळ ठेवून घरचं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं, काम आता त्याचं. आदल्या रात्री पडवीत बसून म्हणाला, "मामा, देव आहे असं मनापासून वाटत नाही. नाही असंही छातीठोक म्हणवत नाही. मग उद्या बोलायचं कोणाशी?"

त्या रात्री मी विषय टाळला. आता त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या अडकलेल्यांसाठी लिहितो.

देव आहे की नाही यावर भांडणारे बऱ्याचदा दोन वेगळ्याच देवांबद्दल बोलत असतात. म्हणून आधी कोणता देव ते बघावं. मी कसोटी एकच लावतो: वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो काय कामाचा? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरेपर्यंत पाच-सहा वर्षं तरी जातात. त्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला देव म्हणजे काय?

सगळ्यात जवळचा आपला राखणदार. वेंगुर्ल्याकडच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावात फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. मला या देवाचं आवडतं ते हे की विश्व घडवल्याचा आव तो आणत नाही. त्याची हद्द वेशीपर्यंत. वादळ आलं तर "त्याने राखलं म्हणून एवढ्यावर निभावलं" असं म्हणता येतं, आणि नाहीच राखलं तर त्याच्याशी भांडताही येतं. अडचण वेगळी आहे. कौल लावताना, म्हणजे देवाला प्रश्न विचारताना, मूर्तीला चिकटवलेली ओली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, हे सगळ्यांना दिसतं. पण प्रश्न काय विचारायचा आणि उत्तराचा अर्थ काय घ्यायचा, हे माणसं ठरवतात. जमिनीचे वाद आणि मानपान तिथूनच आत शिरतात. हा देव निवडलास तर त्याच्याबरोबर त्याचे मानकरीही येतात, हे ध्यानात ठेव.

दुसरा, सगळ्या जगाचा एकच कर्ता. हा मशिदीतला, चर्चमधला, आणि अलिबागकडच्या बेने इस्राएलांचा, जे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेले. आपल्याकडे न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनाच्या उदयनाचार्यांनीही असा ईश्वर युक्तिवादाने मांडला: मडकं आहे तर कुंभार असणार, तसं जग हे कार्य आहे तर त्याला कर्ता हवा. पुळणीवर ओढून ठेवलेली होडी बघितली की सुतार आठवतो, तसंच हे. पण ओहोटीला त्याच पुळणीवर बारीक खेकडे वाळूच्या गोळ्यांची अशी नक्षी मांडतात की कोणी बसून रेखली असं वाटावं. खेकडा फक्त वाळूतलं खाणं वेगळं करत असतो. नक्षी त्याच्या मनातही नसते. रचनेवरून हेतू काढायचा तर जरा जपून.

आणि वादळाचा प्रश्न सर्वांत जड पडतो तो याच देवाला. सगळं करू शकणारा आणि दयाळू, तर बाग का पाडली? परीक्षा, पूर्वकर्म, माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, अशी उत्तरं आहेत. वाऱ्याच्या बाबतीत स्वातंत्र्याचं उत्तर मला तरी लागू पडताना दिसत नाही. तरीही अन्याय झालेल्याला "कुठेतरी हिशेब होईल" असं जे बळ हा देव देतो, ते राखणदाराला देता येत नाही.

तिसरा निर्गुण, रूप-आकार नसलेला. दिवेआगरला 1997 मध्ये पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला. 2012 मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचे जीव गेले, चोरांनी मूर्ती वितळवली. 2021 मध्ये नवी बसली. मधली नऊ वर्षं देव कुठे होता? देव आणि जग वेगळं न मानणारा अद्वैती म्हणेल, कुठेच गेला नव्हता, जाईल कुठे? युरोपात 1656 मध्ये त्याच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेला तत्त्वज्ञ स्पिनोझाही देव आणि निसर्ग एकच म्हणाला. विचार म्हणून हा मला सर्वांत भक्कम वाटतो. फक्त पोफळही तोच आणि ती पाडणारा वाराही तोच म्हटल्यावर गाऱ्हाणं ऐकायला वेगळा कोणी उरत नाही. अद्वैती सगुण पूजेला व्यवहारापुरती मोकळीक देतात ती बहुधा म्हणूनच.

आता ‘नाही’ म्हणणारे. हे विलायतेहून आलेलं खूळ नव्हे. यज्ञाचे कट्टर समर्थक असलेल्या जुन्या मीमांसकांनाही जगाला कर्ता मानायची गरज वाटली नाही. जैनांचंही कर्त्यावाचून भागतं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे, 1899 चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, उघड नास्तिक होते. मूळ आंबडव्याच्या घराण्यातल्या बाबासाहेबांनी 1956 मध्ये बौद्ध धम्म घेताना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेश न मानण्याची. कोकणात गाऱ्हाण्यावाचून नीट चाललेली कितीतरी बौद्ध घरं आहेत, तेव्हा देव नसला तर रीतभात सुटते, हे भय सोड. वादळाचं खरं कारणही इथेच मिळतं: तापलेला समुद्र आणि कमी दाबाचा पट्टा. कोणाचं पाप शोधावं लागत नाही. पण त्या रात्री बाग गेलेल्या म्हाताऱ्याला समुद्राचं तापमान सांगून झोप लागत नाही, हेही खरं.

‘कळू शकत नाही’ म्हणणाऱ्याला इंग्रज शास्त्रज्ञ हक्सलीने 1869 मध्ये ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हे इंग्रजी नाव दिलं. तू बहुधा इथलाच. आणि "मानून टाक, तोटा काय" हा फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कलचा डाव आपल्याकडे खेळू नये. देव इतके की नेमका कोणावर लावणार?

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं मी घातलं, नारळ त्याने धरला. "बागेक पाणी मिळू दे" म्हटल्यावर त्याचा ‘व्हय म्हाराजा’ हा होकार खणखणीत आला. "इडापिडा टळू दे"ला ओठ नुसते हलले. कोणी काही विचारलं नाही. दुपारी उत्सवाच्या वर्गणीवाले आले. त्यांनी त्याच्या नावाची वेगळी पावती फाडली.