होर्हे रामोस यांचे बातमीपत्र: एक परीक्षण

अमेरिकेतील युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीवर १९८६ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत होर्हे रामोस यांनी सादर केलेले सायंकाळचे बातमीपत्र ही, माझ्या मते, तिथल्या स्थलांतरितांना मिळालेली मोलाची सेवा होती. मेक्सिकोत आपल्या बातमीला लागलेली कात्री सहन न झाल्याने नोकरी सोडून १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला आलेल्या या पत्रकाराने सत्ताधाऱ्याला अडचणीचा प्रश्न विचारण्याची सवय अखेरपर्यंत सोडली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये काराकासच्या अध्यक्षीय प्रासादात मुलाखत घेताना त्यांनी व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांच्यासमोर टॅब्लेट धरला; कचऱ्याच्या गाडीतून अन्न वेचून खाणारे तरुण त्यात दिसत होते आणि ते दृश्य रामोस यांनी स्वतःच मोबाईलवर टिपले होते. मादुरो उठून गेले, चमूला दोन तासांहून अधिक काळ अडकवून ठेवले गेले, कॅमेरे जप्त झाले. मुलाखत मात्र काही महिन्यांनी प्रसारित झालीच.

स्थलांतराचा विषय निघाला की त्यांचा प्रश्न कधीकधी भाषणाकडे झुकत असे, हे मला खटकते. सहनिवेदिका मारिया एलेना सालिनास यांची सुमारे तीस वर्षांची साथ २०१७ मध्ये सुटली, तेव्हापासून बातमीपत्राचा तोल थोडा ढळल्यासारखा वाटला. स्पॅनिश शिकणाऱ्यांनी मात्र जुने भाग जरूर पाहावेत, कारण त्यांचे उच्चार स्वच्छ आणि वाक्ये आटोपशीर आहेत.