बाईचं आर्थिक बळ मोजायचं कशाने? तीन पद्धती, आणि मी कोणती घेईन

बचत गटांसोबत काम करणाऱ्या छोट्या संस्थेपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: गावातल्या बायकांचं आर्थिक बळ वाढलं, हे सांगायचं कशाच्या आधारावर?

सगळ्यात सोपं म्हणजे खाती, कर्ज आणि मिळकत मोजणं. आकडे गटाच्या वहीतच असतात, खर्च जवळपास नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरते असं बँक खातं असलेल्या स्त्रिया 2015-16 मध्ये 53 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 78.6 टक्के झाल्या. ही वाढ खरी आहे. पण काढलेले पैसे घरी आल्यावर कुणाच्या हातात जातात, ते खातं सांगत नाही. बीडकडचं ऊसतोड जोडपं बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाची उचल बहुतेक वेळा नवरा घेतो. बाई पहाटेपासून फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि तिच्या नावावर मिळकतीचा रकाना कोराच राहतो.

दुसरी पद्धत निर्णयाच्या प्रश्नांची. हेच सर्वेक्षण विवाहित स्त्रीला स्वतःचे उपचार, घरातली मोठी खरेदी आणि माहेरी-नातेवाइकांकडे जाणं हे कोण ठरवतं, असं विचारतं. प्रश्न मोजकेच आणि विचारायला सोपे. अडचण आहे ती ‘आम्ही दोघं मिळून ठरवतो’ या उत्तराची. सासू शेजारी बसलेली असली की हेच उत्तर येणार. म्हणून मी पुढे विचारते, ‘शेळी विकायला तुम्ही नको म्हणालात, तर विक्री थांबते का?’ तिथे बाई थबकते, आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

तिसरी पद्धत म्हणजे 2012 मध्ये आलेला शेतीतील महिला सक्षमीकरण निर्देशांक. मूळ निर्देशांकात 10 निर्देशक आहेत, संक्षिप्त रूपात 6: शेतीचे निर्णय, मालमत्ता, कर्ज, मिळकतीवरचा ताबा, गटातलं सभासदत्व आणि कामाचा बोजा. घरातल्या पुरुषालाही वेगळं बसवून हेच प्रश्न विचारतात, त्यामुळे दोघांमधलं अंतर दिसतं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती कालच्या 24 तासांची नोंद. साडेदहा तासांपेक्षा जास्त काम असेल, तर त्या निर्देशकात बाई कमी पडते. गटाच्या कर्जातून म्हैस आली, दुधाचा पैसा वाढला, पण वैरण, शेण, धारा यांत तिचे आणखी तीन तास गेले, हे पहिल्या दोन्ही पद्धतींना कधीच कळणार नाही.

हे महाग आहे, हे मान्य. एका घरात दोन मुलाखती, प्रशिक्षित बायका, पुष्कळ वेळ. शिवाय एकल महिलेच्या घरात तुलनेला पुरुषच नसतो. तिथे फक्त तिचे स्वतःचे गुण काढता येतात.

निधी देणाऱ्याला वर्षाचा अहवाल एवढंच हवं असेल, तर पहिली पद्धत पुरेल. काम सुधारायचं असेल, तर मी संक्षिप्त निर्देशांक घेईन, थोड्या घरांत का होईना. त्याला सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, हा प्रश्न जोडेन आणि उतारा डोळ्यांनी बघेन. पैसे कमी पडले तर घरं कमी करेन, वेळेची नोंद गाळणार नाही. पहिली पाहणी कापूस वेचणीच्या दिवसांत केली असेल, तर दुसरीही वेचणीतच करा. उन्हाळ्यात केलीत तर बोजा आपोआप उतरलेला दिसेल.