वचनपेटी, १८० रुपये

गेल्या नोव्हेंबरात संजीवन सभांच्या (आम्हा ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थना-प्रवचनाच्या सभा) मांडवाबाहेर पुस्तकांचा स्टॉल लागला होता, तिथून ही वचनपेटी घेतली. त्यांनी सांगितले २००. मी म्हटलं, महिला मंडळासाठी आणखी चार नेईन, तेव्हा १८०ला दिली. (त्या चार काही मी घेतल्या नाहीत. का, ते पुढे येईलच.) दहा महिने रोज हाताळून झाली, आता लिहायला हरकत नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पावाच्या आकाराची प्लॅस्टिकची पेटी, वरून उघडी, आत उभी रचलेली १५० कार्डं, प्रत्येकावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन. सकाळच्या प्रार्थनेला बसलं की डोळे मिटून एक ओढायचं. वॉच नाईटला, ३१ डिसेंबरच्या रात्री, चर्चमध्ये ताटातून वर्षाचं वचन उचलतो ना, तेच रोज घरी. माझ्या आईकडे अशीच होती, पण बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. चिठ्ठ्या तिने स्वतः लिहून सुरळ्या करून ठेवलेल्या, आणि त्या काढायला शिवणाच्या डब्यातला चिमटा. आम्हा भावंडांची भांडणं वचनावरून कमी आणि चिमट्यावरून जास्त व्हायची.

आधी वस्तूबद्दल. कार्डाचा कागद चांगला जाड आहे, कोपरे गोल कापलेत, चहाचा थेंब पडला तर पुसता येतो. झाकणाची बिजागरी मात्र दुसऱ्याच महिन्यात तुटली, आता रबर लावून ठेवते. अक्षर फार बारीक. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, ही पेटी खरं तर त्यांच्यासाठीच आणली होती. त्या कार्ड ओढतात, हात लांब करतात, मग आणखी लांब करतात, आणि शेवटी "घे बाई, तूच वाच" म्हणून माझ्याकडे देतात. अर्ध्या कार्डावर गुलाब आणि कबुतर छापण्याऐवजी अक्षरं मोठी केली असती तर बरं झालं असतं.

छपाईची एक चूक सांगितल्याशिवाय राहवत नाही. "हाच मार्ग आहे, याने चला" हे कार्ड आहे, त्याखाली पत्ता दिलाय "यहो. ३०:२१". मी शास्त्रातलं यहोशवाचं पुस्तक उघडलं. यहोशवाला अध्याय २४! वचन आहे यशयाच्या पुस्तकातलं. यश., यहो., यहे. या तिघांत गोंधळ व्हायचाच, मान्य. पण मार्ग दाखवणाऱ्या नेमक्या त्याच कार्डाचा पत्ता चुकावा? आमचे हे दोन दिवस हसत होते.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत धाकट्याला दोन नोकऱ्या एकदम आल्या. एक नाशिकला, पगार बेताचा, शनिवारी रात्री घरी येता येईल अशी. दुसरी बंगळुरूची. घरात आठ दिवस नुसती चर्चा. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पेटी आणा. देवाला विचारा." प्रार्थना झाली, त्याने कार्ड ओढलं. उत्पत्ती २८:१५. घर सोडून मामाकडे निघालेल्या याकोबाला देवाने स्वप्नात दिलेलं वचन: मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिकडे तुझं रक्षण करीन... आणि पुढे तीन टिंबं.

"झालं, मम्मी! जाशील तिकडे!" पोरगं आनंदाने बॅग काढायलाच उठलं.

मला त्या तीन टिंबांनी झोप येऊ दिली नाही. रात्री शास्त्र काढून पूर्ण ओळ वाचली. पुढे स्वच्छ लिहिलंय की मी तुला या देशात परत आणीन. म्हणजे त्याच्या हातात अर्धं वचन आलं होतं आणि माझ्या कामाचं अर्धं छापणाऱ्याने कापलं होतं! सकाळी मी विजयी मुद्रेने ते त्याला दाखवलं. मग दोघांनी मिळून पुढचे अध्याय वाचले, ही माझीच चूक झाली. याकोब परत आला खरा, पण मामाकडे वीस वर्षं राबून. त्याच्या आईने, रिबकेने, त्याला पाठवताना "थोडे दिवस" म्हटलं होतं. त्या माय-लेकराची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठेच नाही. मी पुस्तक मिटलं आणि कुकर लावायला गेले.

माझी तक्रार आहे ती इथे. १५०पैकी ज्या ज्या कार्डावर टिंबं आहेत ती सगळी मी नंतर शास्त्राशी ताडून पाहिली, आणि बहुतेक ठिकाणी गोड भाग ठेवून कडू भाग गाळलाय. यिर्मया २९:११, कल्याणाचे संकल्प, हे तर दोनदा आलंय. पण त्याच्या आधीचीच ओळ ७० वर्षांच्या बंदिवासाची आहे. हे पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना आहे, आणि त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा. तेही कार्ड हवं होतं. मीखा ६:८, न्यायाने वाग, दया कर, देवासमोर नम्रतेने चाल, हे पेटीत नाहीच. रोज शाळेत ४० पोरं सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला दुसऱ्या कशाहून याचीच गरज जास्त. आश्वासनं भरपूर, आज्ञा जवळजवळ नाहीत.

शेजारच्या मालवणच्या काकू हे सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुमचो ह्यो कौलच की!" त्यांच्या गावी देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार. मला आधी राग आला. मग रागाचं कारण शोधायला गेले तर सापडेना.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण उलट खूश झाले. जर्मनीतल्या हेर्नहूट गावाचं त्यांनी सांगितलं. तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत ३ मे १७२८ला त्यांचा पुढारी काउंट झिन्झेनडॉर्फ याने दुसऱ्या दिवसासाठी वचन दिलं, १७३१पासून वर्षभराच्या वचनांचं पुस्तक छापतात, आजही. त्यातलं जुन्या कराराचं वचन चिठ्ठी टाकूनच निघतं. पण नव्या कराराचं कोणीतरी बसून, वाचून, त्याला जुळेल असं निवडतं. "एक हात चिठ्ठीत, एक हात शास्त्रात," असं साहेब म्हणाले. त्याच मंडळीत एके काळी लग्नंही चिठ्ठीवर ठरायची, तो प्रकार मात्र पुढे त्यांनीच बंद केला. आणि यहूदाच्या जागी बारावा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली ती पवित्र आत्मा उतरायच्या आधी. नंतर प्रेषितांनी चिठ्ठी टाकल्याचं कुठे वाचलंय का, असा मलाच उलटा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये १५ वाचा म्हणाले. वाचलं. तिथे भरपूर वादविवाद झाला, पेत्र बोलला, पौल-बर्णबा बोलले, याकोब बोलला (हा दुसरा याकोब), आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं.

तर आम्हीही बसलो. कागदावर भाडं, पगार, सुट्ट्या, आजीचं वय, सगळं मांडलं. त्याला पुढे काय शिकायचंय हे मी पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं. नंतर प्रार्थना केली, पेटी कपाटावरच राहिली. पोरगं बंगळुरूला गेलं.

पेटी फेकली नाही. रोज एक कार्ड ओढतो, पण नियम घातलाय: ओढणाऱ्याने तो अख्खा अध्याय मोठ्याने वाचायचा. सासूबाईंना ऐकायला मिळतं, आमच्या यांचं वाचन सुधारलं. असं वापरणार असाल तर १८० रुपये वाया जात नाहीत, पाचपैकी तीन तारे देते. मुलीचं स्थळ, प्लॉटचा व्यवहार, ऑपरेशन करावं की नाही, यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. महिला मंडळात नेमक्या याच तीन कारणांसाठी मागणी आली, म्हणून त्या चार पेट्या राहिल्या.

माझ्याकडची जुनी पेटी कोणी मागितली तर आधीच सांगते, आत १४९ कार्डं आहेत. एकाच्या मागे बॉलपेनने राहिलेली अर्धी ओळ लिहून ते मी बंगळुरूच्या बॅगेत, मोज्यांच्या जोडात सरकवलं होतं.