क्रॉनिक्लिंग अमेरिका: सिनेटर निवडीच्या जुन्या लढती शोधायला कितपत कामाची?

लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज यांच्या सहकार्याने चालणारा हा वर्तमानपत्रांचा संग्रह पूर्ण मोफत आहे. खातं उघडावं लागत नाही. पानाची प्रतिमा, पीडीएफ आणि यंत्राने वाचलेला मजकूर, तिन्ही उतरवून घेता येतात. त्याची सर्वसाधारण स्तुती भरपूर झाली आहे. इथे प्रश्न एकच आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली राज्य विधिमंडळं सिनेटर, म्हणजे राष्ट्रीय संसदेच्या (काँग्रेसच्या) वरच्या सभागृहाचे सभासद, कसे निवडत, हे दिवसागणिक तपासायला ही सेवा पुरते का? पुरते, पण शोधाची खिडकी उघडून उमेदवाराचं नाव टाकणाऱ्याला ती निराश करते. इथे तारखेने शोधायचं असतं.

तारीख चालते ती २५ जुलै १८६६च्या कायद्यामुळे. त्याआधी प्रत्येक राज्याची रीत वेगळी होती. काही ठिकाणी दोन्ही सभागृहं एकत्र बसत, तर काही ठिकाणी वेगवेगळं मतदान करून एकाच नावावर यावं लागे आणि भांडण झालं की जागा रिकामी राही. इंडियानाची एक जागा १८५५पासून जवळजवळ दोन वर्षं अशीच ओस पडली होती. न्यू जर्सीने बहुमत नसताना नुसत्या आघाडीवर निवडलेल्या जॉन स्टॉकटन यांना मार्च १८६६मध्ये सिनेटने घरी पाठवलं आणि चार महिन्यांत काँग्रेसने सगळ्या राज्यांना एकच वेळापत्रक लावून दिलं.

ते वेळापत्रक कागदावर लिहून शेजारी ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. विधिमंडळाची रचना पूर्ण झाल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दोन्ही सभागृहं आपापल्या जागी, तोंडी मतदानाने, एकेक नाव ठरवतात. बुधवारी दुपारी बारा वाजता संयुक्त बैठक होते. दोन्हीकडे एकाच माणसाला बहुमत असेल तर तो निवडून आला. नसेल तर तिथेच मतदान होतं. दोन्ही सभागृहांच्या एकूण निवडून आलेल्या सभासदांपैकी निम्म्याहून जास्त हजर असून मत देत असले पाहिजेत, आणि झालेल्या मतांचं बहुमत मिळालं पाहिजे. तेही जमलं नाही तर अधिवेशन संपेपर्यंत रोज बाराला जमून किमान एक मतफेरी घ्यायची. अधिवेशन चालू असताना जागा रिकामी झाली, तर तशी सूचना मिळाल्यानंतरचा दुसरा मंगळवार धरायचा.

फेरी दुपारची असल्याने संध्याकाळच्या पत्रात ती त्याच दिवशी मिळते, सकाळच्या पत्रात दुसऱ्या दिवशी. दोन्ही प्रकारची पत्रं चाळताना हा एक दिवसाचा फरक विसरला की एकच फेरी दोनदा मोजली जाते.

१८८१चं न्यूयॉर्क घ्या. तिथले दोन्ही सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग आणि थॉमस प्लॅट यांनी १६ मे रोजी राजीनामे दिले. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्याशी नेमणुकांवरून बिनसलं होतं, आणि विधिमंडळ आपल्याला पुन्हा निवडून पाठवेल हा हिशोब होता. राज्याची राजधानी ऑल्बनीत मतदान ३१ मेला, मंगळवारी, सुरू झालं. प्लॅट यांनी १ जुलैला माघार घेतली, २ जुलैला गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १६ जुलैला वॉर्नर मिलर आणि २२ जुलैला एल्ब्रिज लॅपम निवडून आले. न्यूयॉर्क ट्रिब्यून आणि द सन ही दोन्ही पत्रं संग्रहात असल्याने जवळजवळ आठ आठवड्यांची ही लढत सलग वाचता येते. ट्रिब्यून कॉन्क्लिंगविरोधी गटाचं होतं, म्हणून सन बाजूला उघडं ठेवावं. एक खाचखळगा मात्र आहे: एकाच वेळी दोन जागांसाठी दोन वेगळ्या फेऱ्या चालू होत्या. कॉन्क्लिंग यांची जागा १८८५पर्यंतची, म्हणून बातम्यांत ती ‘शॉर्ट टर्म’. प्लॅट यांची १८८७पर्यंतची, ती ‘लाँग टर्म’. हे न बघता आकडे उतरवले तर सगळा तक्ता वाया जातो. शनिवारी सभासद घरी पळत, त्यामुळे शनिवारच्या फेऱ्यांत मतं अचानक कोसळलेली दिसतात. त्यावरून उमेदवाराचा पाठिंबा ओसरला असं समजू नका.

सेवेची खरी किंमत कळते ती डेलावेअरच्या १८९५च्या गोंधळात. ११४ दिवसांत २१७ फेऱ्या झाल्या. शेवट ९ मे रोजी झाला. तिथून ११४ दिवस मागे मोजलं तर १५ जानेवारी येते, आणि तो मंगळवारच आहे. विल्मिंग्टनचं इव्हनिंग जर्नल इथे आहे, म्हणजे त्या संध्याकाळची बातमी त्याच दिवशी हाताशी. गॅस कंपन्यांवर पैसा कमावलेले जे. एडवर्ड अ‍ॅडिक्स यांचे मूठभर समर्थक हटायला तयार नव्हते आणि त्यांच्याच पक्षाचे हेन्री ड्यू पाँट १५ मतांवर अडकले होते. विधिमंडळात जागा ३० होत्या: वरच्या सभागृहात नऊ आणि खालच्या सभागृहात एकवीस. पण एप्रिलमध्ये गव्हर्नर मार्व्हिल वारले आणि राज्य सिनेटचे सभापती विल्यम वॉटसन गव्हर्नर झाले. तरीही शेवटच्या दिवशी वॉटसन यांनी सभापती म्हणून येऊन मत दिलं. ते मत धरलं तर ३०पैकी १५, निवड नाही. न धरलं तर २९पैकी १५, ड्यू पाँट निवडून आले. मे १८९६मध्ये अमेरिकन सिनेटने ३१ विरुद्ध ३० मतांनी ड्यू पाँट यांचा दावा फेटाळला.

म्हणून अशा दिवसाच्या पानावर मथळा आणि बेरीज सोडून मत देणाऱ्या सभासदांची यादी वाचायची. मतदान तोंडी होत असल्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हे वार्ताहराला ऐकू येई, आणि पत्रं नावानिशी छापत. गुप्त मतदान असतं तर हा संग्रह या कामाला फारसा उपयोगी पडला नसता.

आता दोष. मूळ स्कॅन मायक्रोफिल्मवरून झालेले आहेत, त्यामुळे शिवणीकडची अक्षरं काळवंडतात आणि मधल्या काही दिवसांचे अंक नसतातच. यंत्राने वाचलेला मजकूर कोणी दुरुस्त केलेला नाही. बारीक टायपातली मतांची यादी, नाव आणि आकडा यांच्यामधली टिंबांची ओळ, ओळीच्या शेवटी तुटलेलं आडनाव, हे सगळं यंत्राला झेपत नाही. आकडे तर त्या मजकुरातून कधीच उचलू नयेत, ते प्रतिमेवरूनच वाचावेत. ड्यू पाँट जोडून छापलंय की तोडून, यावर शोध फसतो. अ‍ॅडिक्ससारखं सलग, विरळ आडनाव टाका. ‘सिनेटर’ हा शब्द एकटा टाकू नका, कारण राज्याच्या वरच्या सभागृहाचे सभासदही सिनेटरच. त्याऐवजी ‘जॉइंट असेंब्ली’, ‘सेनेटोरियल’ किंवा ‘डेडलॉक’ टाका, राज्य निवडा आणि तारखेची मर्यादा आठवड्याची ठेवा. त्यानेही हाती लागलं नाही तर शोध सोडा, वर्तमानपत्र निवडून त्या दिवसाचा अंक उघडा आणि पानं उलटा. बहुतेक वेळा हाच जवळचा रस्ता ठरतो.

दुसरा दोष सेवेचा नाही, पण वापरणाऱ्याला भोवतो. मोंटानात १० जानेवारी १८९९ला, मंगळवारी, राज्य सिनेटचे सभासद फ्रेड व्हाइटसाइड यांनी मतं विकत घेण्यासाठी दिलेले ३०,००० डॉलर विधिमंडळाच्या चौकशी समितीपुढे ठेवले. तरी २८ जानेवारीला तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क ५४ मतांनी निवडून आले. ही लढत वाचायला ॲनाकोंडा स्टँडर्ड सहज मिळतं, आणि ते क्लार्क यांचे हाडवैरी मार्कस डेली यांचं पत्र. त्यातलं लाचेचं वर्णन चवीने वाचा, पण पुरावा म्हणून अमेरिकन सिनेटच्या निवडणूक समितीपुढच्या शपथेवरच्या साक्षीच धरा. त्या या संग्रहात नाहीत. समितीचा निष्कर्ष विरोधात गेल्यावर क्लार्क यांनी मे १९००मध्ये राजीनामा दिला, आणि गव्हर्नर राज्याबाहेर असताना लेफ्टनंट गव्हर्नरने त्याच जागेवर त्यांचीच नेमणूक केली.

१८६६च्या आधीच्या काळासाठी ही सेवा निम्म्यानेच उपयोगी आहे. तारखेची युक्ती तिथे चालत नाही, आणि बरीच पत्रं साप्ताहिक. इलिनॉयने ८ फेब्रुवारी १८५५ला एकाच दिवसात दहा फेऱ्या घेतल्या. पहिल्या फेरीत स्वतःला ४४ मतं होती असं लिंकन यांनीच दुसऱ्या दिवशी पत्रात लिहिलं, आणि निवडून आले ते पाच मतांपासून सुरुवात केलेले लायमन ट्रंबुल. असल्या घाईच्या दिवसाचं चित्र साप्ताहिकात चार ओळींत आटोपतं. तिथे विधिमंडळाचं छापील कामकाजच गाठावं लागतं.

सापडलेलं पान लगेच उतरवून ठेवा आणि फाइलच्या नावात पत्र, तारीख, पान क्रमांक लिहा. २०२५मध्ये जुनी साइट बंद होऊन सगळं ग्रंथालयाच्या मुख्य साइटवर गेलं, म्हणून नुसत्या जुन्या दुव्यांच्या भरवशावर टिपणं ठेवू नयेत. पीडीएफ वाचायला पुरते. मतांची यादी छापण्याइतकी स्पष्ट हवी असेल तर मोठी प्रतिमा घ्या. ती जड असते, पण तीन आणि आठ यातला फरक तिच्यातच दिसतो.