निसर्ग मंडळाचं व्याख्यान की रविवारची भटकंती? मुंबई-ठाण्यातल्या नवीन माणसाने काय धरावं

पावसाळा संपत आला की व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरायला लागतात, एकावर लिहिलेलं असतं "फुलपाखरांची दुनिया, शनिवार संध्याकाळी सहा, वाचनालयाचा हॉल, प्रवेश मोफत" आणि दुसऱ्यावर "रविवार सकाळी साडेसहा, येऊर, बूट घालून या". त्यात १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह, मग ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह, म्हणजे अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, त्यामुळे तेव्हा तर नुसता पूर येतो. वेळ मात्र नोकरी करणाऱ्या माणसाकडे महिन्यातून एखादी संध्याकाळ नाहीतर एखादी रविवार सकाळ. त्या एका वेळात काय करायचं, आणि कोणाबरोबर, म्हणजे आपल्या भागातलं छोटं मंडळ की बीएनएचएससारखी (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) मोठी संस्था की पैसे घेऊन फिरवणारे टूरवाले, याबद्दल बरेच जण विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

माझं मत आधीच सांगतो. अगदी नवीन असाल तर जवळच्या मंडळाची भटकंती धरा, आणि त्यातही दर महिन्याला त्याच त्याच जागी जाणारी धरा, दरवेळी नवीन स्पॉट काढणारी नको. व्याख्यानं दोन-तीन महिन्यांनी सुरू करा, तेव्हा ती कळतात. पण याला अपवाद आहेत आणि ते बरेच आहेत.

व्याख्यानाचं पहिलं बघू, कारण लोक ते फार हलक्यात घेतात. स्लाइड शो, एसी हॉल, शेवटी चहा, असं म्हणून सोडून देतात. पण काही गोष्टी अशा आहेत की आधी पडद्यावर मोठ्या करून दाखवल्याशिवाय त्या जंगलात दिसतच नाहीत. आंब्या-करंजावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या सगळ्यांना माहीत असतात, चावल्या की जन्मभर लक्षात राहतात. त्याच फांदीवर त्या मुंग्यांच्यात एक कोळी फिरत असतो, हुबेहूब मुंगीसारखा, कंबर बारीक, रंग तोच, पुढचे दोन पाय वर धरून मिशा असल्यासारखे हलवतो. नराचा जबडा तर पुढे एवढा लांब आलेला असतो की वाटतं एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे. व्याख्यानात कोणीतरी पाय मोजायला लावतं, आठ, आणि मग पुढच्या रविवारी तुम्ही मुंग्यांच्या रांगेपाशी दहा मिनिटं उभे राहता. आधी माहीत नसतं तर "अरे लाल मुंग्या, लांब व्हा" म्हणून सरळ पुढे गेला असता. कोळी, पतंग, चतुर, शेवाळं, भूछत्रं असल्या बारीक विषयांना म्हणूनच व्याख्यान आधी ऐकलेलं बरं पडतं.

पक्ष्यांच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. तासभर पक्ष्यांचे सुंदर फोटो बघून काही होत नाही, कारण फोटोत पक्षी समोर, उन्हात, मान वळवून बसलेला असतो आणि प्रत्यक्षात तो पानाआड, उलट्या उजेडात, नुसता काळा ठिपका असतो. पक्षी आधी कानाने कळतात. तांबटाचं टुक टुक टुक, मे-जूनमधे पावशाचं "पेरते व्हा", दयाळाची पहाटेची शीळ, हे मोबाइलवर ऐकून तेवढ्यापुरतं पाठ होतं, पण कोणीतरी शेजारी उभं राहून "हा बघ, आत्ता, हाच" असं म्हणालं की मग जात नाही. आकाराचाही अंदाज हॉलमधे येत नाही. पडद्यावर शिंजीर आणि घार सारख्याच मोठ्या.

आता दर महिन्याला त्याच जागी का जायचं, कारण नवीन माणसाला हेच बोअर वाटतं. ठाण्याचं येऊर घ्या, संजय गांधी नॅशनल पार्कची बोरिवलीची बाजू घ्या, पुण्यात असाल तर वेताळ टेकडी नाहीतर पाषाण तलाव. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर बिनपानाची लाल फुलते आणि अर्ध्या तासात एकाच झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे हजेरी लावून जातात, एप्रिलमधे तिथेच कापूस उडत असतो, जूनमधे त्याच झाडाखाली गुडघाभर गवत, आणि सप्टेंबरला वाटेत दोन झाडांच्या मधे मोठ्या कोळिणीचं सोनेरी झाक असलेलं जाळं, ती हाताच्या पंज्याएवढी आणि तिचा नर कोपऱ्यात इतका बारका की तिचंच पिल्लू वाटावं. हे एकदाच जाऊन दिसत नाही. शिवाय काही गोष्टींना तर मंडळाची आठवणच कामी येते, नॅशनल पार्कातली कारवी, म्हणजे आठ वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, २०१६ ला फुलली मग थेट २०२४ ला, त्या वेळी कुठल्या उतारावर आधी फुलली होती हे जुना मेंबरच सांगू शकतो, ॲप नाही.

संस्था कोणती याकडे वळू. बीएनएचएस १८८३ ची, आठ जणांनी सुरू केलेली, फोर्टातलं हॉर्नबिल हाउस आणि गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला नॅशनल पार्कला लागून त्यांचं शिक्षण केंद्र. तिथे विषयाचा खरा अभ्यास केलेली माणसं भेटतात, कॅम्प नीट आखलेले असतात, मेंबर झालं की वाचायला भरपूर मिळतं. सालिम अलीसुद्धा शाळकरी वयात मारलेल्या एका चिमणीची ओळख पटवायला याच संस्थेत गेले आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. पण कल्याण-डोंबिवली, वसई-विरारला राहणाऱ्या माणसाला फोर्टातला संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे ऑफिसमधून अर्धा दिवस काढणं, आणि घरी परत साडेदहा. शिवाय बराचसा कारभार इंग्रजीतून, ते कोणाला चालतं कोणाला नाही.

छोट्या मंडळाचं सगळं याच्या उलट असतं. बोलणारा कदाचित बँकेत काम करतो नाहीतर शाळेत शिकवतो, त्याला शास्त्रीय नाव कधी कधी चुकीचं आठवतं, प्रोजेक्टर पंधरा मिनिटं चालू होत नाही, पण तो तुमच्याच पंचक्रोशीबद्दल बोलतो. खाडीपलीकडच्या कुठल्या तळ्यावर यंदा चक्रवाक आले, कुठल्या वडावर धनेश बसतो, बिल्डरने कुठला नाला बुजवला. आणि कार्यक्रम झाल्यावर चहाच्या कपासकट तुमच्याशी गप्पा मारतो, हे मोठ्या ठिकाणी होत नाही. खर्च म्हणाल तर बहुतेक ठिकाणी वर्षाची नाममात्र वर्गणी आणि रिक्षाचं भाडं. वीस-पंचवीस लोकांची रांग झाली की मात्र मागच्या दहांना काही दिसत नाही, ऐकू येत नाही, ते आपापसात शेअर मार्केटवर बोलायला लागतात, आणि पुढचे "शूऽऽ" करत राहतात. पंधराच्या वर लोक असतील आणि दोन गट करत नसतील तर ती भटकंती सोडा असं मी सरळ सांगेन.

टूरवाल्यांचं वेगळंच असतं. भीगवणला फ्लेमिंगो, भंडारदऱ्याला काजवे, ताडोबा वगैरे. गाडी, राहणं, जेवण सगळं त्यांचं, वेळ कमी आणि पैसे असतील तर चांगला पर्याय आहे, यात काही वाईट नाही. फक्त त्यांच्यावर "दाखवण्याचं" प्रेशर असतं. पैसे घेतलेत म्हणजे घुबड दिसलंच पाहिजे, मग स्पीकरवर त्याचा आवाज लावला जातो, पक्षी आपला इलाखा राखायला बिचारा पुन्हा पुन्हा समोर येतो आणि आपण टाळ्या वाजवतो. अशा एका टूरला मी होतो, विणीचा हंगाम होता आणि हेच चाललं होतं, नाव घेत नाही. मंडळंही काही सगळी सोवळी नाहीत म्हणा, घरट्याच्या फोटोसाठी फांदी बाजूला करणारे तिथेही भेटतात. काजव्यांच्या वेळी, म्हणजे मेअखेर ते पाऊस नीट सुरू होईपर्यंत, शेकडो गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च पेटलेल्या जागी जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, कोणाबरोबरही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या भटकंतीचं स्वतंत्र सांगायला हवं कारण तिथे हॉल, जंगल यातलं काहीच लागू होत नाही. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप २०१७ पासून हाजीअली, जुहू, गिरगाव असल्या ठिकाणी ओहोटीला लोकांना फिरवतो, आणि माझ्या मते मुंबईत राहून हे एकदा न करणं म्हणजे घरचं सोडून परगावी जेवायला जाणं आहे. गंमत म्हणजे इथे वेळ तुमच्या हातात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे जातं, आणि पावसाळ्यात पालिका जो उधाणाच्या भरतीचा इशारा देते ती दुपारी बारा-एकच्या सुमाराची असते आठवत असेल तर ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे पहाटे नाहीतर संध्याकाळी. त्यामुळे "अकरा वाजता ठेवा ना, मुलांची ट्यूशन आहे" इथे चालत नाही. खडकांच्या खळग्यात साठलेल्या वीतभर पाण्यात समुद्रफुलं, खेकडे, शंखातला संन्यासी खेकडा, नशीब असेल तर छोटी माकूल, हे सगळं गाड्यांच्या हॉर्नच्या आवाजात. शेवाळ्याचे दगड भयंकर घसरतात, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट घाला. वयस्कर माणसांना आणि गुडघेवाल्यांना मात्र इथे नेऊ नका, त्यांच्यासाठी त्याच विषयाचं व्याख्यान खरोखर जास्त चांगलं. कोणाला फ्लेमिंगो बघायचेत आणि चालणं नकोय तर ऐरोलीचं वनखात्याचं केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते, तीही भरतीच्या वेळेनुसारच. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं.

लहान मुलं असतील तर पक्ष्यांपेक्षा फुलपाखरं. एक तर ती ऊन चढल्यावर बाहेर पडतात त्यामुळे पहाटे पाचला मुलाला ओढून उठवायला लागत नाही, आणि दुसरं म्हणजे दुर्बिणीची कटकट नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी आहे, सायनला धारावीच्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, तिथे एकेकाळी कचऱ्याचा डेपो होता हे आज सांगून खरं वाटत नाही. मुलाला लायब्ररीच्या हॉलमधे दीड तास बसवून "शांत बस, काका काय सांगतायत" करण्यात तुमचाही वेळ जातो आणि बोलणाऱ्याचाही. दहा-बारा वर्षांच्या पुढे ज्याला खरंच वेड आहे असा मुलगा किंवा मुलगी असेल तर मात्र व्याख्यानालाच न्या आणि पुढच्या रांगेत बसवा, प्रश्न विचारू द्या, कारण असल्या मुलांना जुने मेंबर हातचं राखून न ठेवता सगळं देतात.

बायकांना विचारलं तर पहिला प्रश्न वेगळाच येतो आणि तो कुठल्याच पोस्टरवर लिहिलेला नसतो, बाथरूम कुठे आहे. येऊरच्या वाटेवर, किनाऱ्यावर तीन-चार तास काही नाही. नॅशनल पार्कच्या गेटजवळ, निसर्ग उद्यानात, हॉलमधे सोय असते. चांगलं मंडळ हे स्वतःहून सांगतं, नाही सांगितलं तर बिनधास्त विचारा. दुसरं, नॅशनल पार्क सोमवारी बंद असतो आणि आतल्या शिलोंडासारख्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, ती काढलीय का हेही विचारा, नाहीतर गेटवर तासभर हुज्जत घालण्यात उजेडाची चांगली वेळ निघून जाते.

ऑनलाइन व्याख्यानं लॉकडाउनमधे सुरू झाली ती अजून आहेत, मला फार पटत नाहीत, पण नाशिक, सिंधुदुर्ग नाहीतर परदेशात बसून ऐकणाऱ्यांना तेवढंच आहे आणि रेकॉर्डिंग मिळतं, इतकंच.

मंडळ चांगलं की नाही हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो, भटकंतीच्या शेवटी यादी करतात का. झाडाखाली बसून पोहे खाता खाता कोणीतरी वही काढतं, "शिक्रा कोणी पाहिला? किती? एकच ना?" आणि ते ईबर्डवर नाहीतर आयनॅचरलिस्टवर, म्हणजे अशा नोंदी जमा करणाऱ्या वेबसाइटवर, टाकतं. जिथे यादी होते तिथे "मला वाटतं तो होता" यावर वाद होतो, पुस्तक उघडलं जातं, आणि नवीन माणूस खरं त्या दहा मिनिटांतच शिकतो. जिथे शेवटी फक्त बॅनर धरून ग्रुप फोटो असतो तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. व्याख्यानाला हाच नियम थोडा बदलून, बोलणाऱ्याने प्रश्नांना किती वेळ ठेवलाय ते बघा, आणि कोणी अवघड विचारलं तर "मला माहीत नाही, बघून सांगतो" असं म्हणतो का तेही.

दुर्बीण पहिल्या दोन-तीन वेळेला विकत घेऊ नका, मंडळात कोणाकडे तरी जास्तीची असते. पुढे घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), दहापटीच्या वरची नको, हातात हलते. आणि ठाणे-कल्याण बाजूच्यांनी रविवारची कुठलीही भटकंती पक्की करण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघून घ्या, जाताना पहाटेची गाडी मिळते, परत येताना साडेअकराला स्टेशनवर उन्हात बसायला लागतं.